मराठी घरातले मांजर

मराठी घरात मांजर पाळले जाते, यापेक्षा ते घराला लागते असे म्हणणे खरे ठरेल. गाय, म्हैस, बैल बाजारातून दावणीला येत. त्यांची किंमत ठरे, वय दातांवरून पाहिले जाई, व्यवहाराला साक्षीदार असत. मांजराचा बाजार कधी भरला नाही. शेजारच्या माळ्यावर मांजरी व्याली, पिल्लांचे डोळे उघडले आणि ती दूधभात खाऊ लागली, की त्यातले एखादे पिल्लू पदराआड झाकून घरी आणले जाई. नाहीतर पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री एक भिजलेले पिल्लू वळचणीला येऊन ओरडत बसे आणि सकाळपर्यंत चुलीपाशी पोचलेले असे. त्यानंतर दहा-बारा वर्षे ते घर त्याचे. खेडेगावात या प्राण्याला दावे नसते, त्याची मालकी कुणी सांगत नाही आणि त्याच्या नावाने खर्चही लिहिला जात नाही. तरीही दूधदुभते ठेवण्याची पद्धत, धान्याची साठवण, भाषेतल्या म्हणी आणि पाप-पुण्याच्या कल्पना या सगळ्यांवर त्याच्या पावलांचे ठसे आहेत.

मांजर हा शब्द संस्कृतातल्या ‘मार्जार’वरून आला. ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. जो सतत अंग चाटून साफ ठेवतो तो मार्जार. अमरकोशात या प्राण्याला ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक आणि आखुभुज् अशी पाच नावे दिली आहेत. शेवटच्या दोन नावांचा अर्थ उंदीर चावणारा आणि उंदीर खाणारा असा आहे. म्हणजे कोशकाराच्या काळीही मांजराची ओळख त्याच्या कामावरून होत होती. मराठीने या शब्दाला नपुंसकलिंग दिले. नर असेल तर तो बोका, मादी असेल तर ती मांजरी, कोकणच्या बोलीत भाटी. पण नुसते मांजर म्हटले की ‘ते’. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू ही मायेने घेतली जाणारी नावेही नपुंसकलिंगीच आहेत, आणि मांजर त्यांच्या पंक्तीला सहज बसते. हाक मारायची वेळ आली की मात्र त्याचे मनी, माऊ किंवा मनीमाऊ होते.

घरगुती मांजराचे मूळ पश्चिम आशियात आणि उत्तर आफ्रिकेत सापडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार जगातली सगळी घरगुती मांजरे त्या भागातल्या एकाच उपजातीच्या रानमांजरांची वंशज आहेत. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती, तेव्हा ते नावेतूनच नेले गेले असणार. या सोबतीला कारण ठरली ती शेती. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. कुत्र्याला माणसाने शिकारीसाठी जवळ केले, गाईला दुधासाठी बांधले. मांजर मात्र आपल्या पायांनी आले आणि त्याच्या येण्याला कुणी हरकत घेतली नाही.

महाराष्ट्रातही मांजराचे रानटी भाईबंद आहेत. उसाच्या फडात आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात राहणारे बाऊल हे त्यांतले एक. दुसरी वाघाटी, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. ऊसतोडणीच्या हंगामात तिची पिल्ले शेतात सापडतात आणि मजूर ती पाळीव मांजराची समजून उचलून आणतात. खरे तर ती जिथे सापडली तिथेच सोडली की रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. उदमांजर नावाने मांजर असले तरी त्याचे कूळ वेगळे आहे. चुलीपाशी झोपणारे मांजर यांपैकी कुणाचेच वंशज नाही. त्याचे पूर्वज व्यापाऱ्यांबरोबर, धान्याच्या आणि मालाच्या वाटेने पश्चिमेकडून भारतात आले.

भारतीय उपखंडातला मांजराचा एक फार जुना आणि फार जिवंत पुरावा सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो या ठिकाणी मिळाला. १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा एका विटेवर मांजराच्या आणि कुत्र्याच्या पावलांचे ठसे आढळले. वीट ओली असताना, वाळायला ठेवलेली असताना, आधी मांजर आणि मागोमाग कुत्रा तिच्यावरून गेला होता. ठसे खोल उमटले होते, म्हणजे दोघेही धावत होते. मांजराच्या खोड्यांची उपखंडातली पहिली नोंद म्हणून या विटेकडे पाहता येते. वीटकाराच्या कामाची नासाडी झाली खरी. पण चार हजार वर्षांपूर्वीचा तो एक क्षण त्यामुळे टिकून राहिला.

प्राचीन वाङ्मयात मांजराची हुशारी मुख्यतः कपट म्हणून आली आहे. भारहूतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, झाडावरच्या कोंबड्याला गोड बोलून खाली उतरवू पाहणारी मांजरी कोरली आहे आणि शिल्पावर त्या जातककथेचे नावही लिहिले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी पांडवांना जो निरोप पाठवतो, त्यात गंगेकाठी तप करणाऱ्या ढोंगी मांजराची गोष्ट आहे. ते एकेक करून उंदीर खाते आणि उंदीर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवतात. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात हेच मांजर तपस्व्यासारखे पुढचे पाय वर करून उभे आहे आणि त्याच्या भोवती उंदीर जमले आहेत. धर्मशास्त्राने ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले ते याच समजुतीतून. महाभारतातच शांतिपर्वात मात्र एक वेगळी कथा आहे. तिथे पलित नावाचा उंदीर आणि लोमश नावाचे जाळ्यात सापडलेले मांजर संकटापुरते मित्र होतात आणि दोघेही वाचतात. त्या कथेत शहाणपण उंदराकडे आहे. पण मांजरही निव्वळ दुष्ट नाही. भक्तिमार्गाने तर याच प्राण्याला मायेचे प्रतीक केले. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत देवाच्या कृपेबद्दल दोन मते पडली, तेव्हा त्यांना माकडाच्या आणि मांजराच्या पिल्लांची उपमा मिळाली. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते. मार्जारन्याय म्हणतात तो हा. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, ही मराठी म्हण हेच निरीक्षण घरातल्या भाषेत सांगते.

शिल्पकारांनी आणि पुराणिकांनी मांजर लांबून पाहिले. घरातल्या बाईने ते रोज, चुलीपाशी बसून पाहिले, आणि म्हणून तिचे ज्ञान अधिक खरे आहे.

जुने मराठी घर हे धान्याचे कोठार होते. देशावरच्या वाड्यात भिंतींच्या पोटात बळदे असत, अंगणात किंवा गावठाणात पेवे असत, माजघरात बांबूच्या विणलेल्या आणि शेणाने सारवलेल्या कणग्या उभ्या असत. कोकणात भाताच्या कणग्या पडवीत किंवा माळ्यावर. वर्षाचे धान्य एकदम भरायचे आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचे, ही घरधनिणीची परीक्षा असे. या साठ्याचे शत्रू तीन: ओल, कीड आणि उंदीर. ओलीला ऊन, किडीला राख आणि कडुनिंबाचा पाला, आणि उंदराला मांजर. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीत आणि कौलारू घराच्या आढ्यात काळा घरउंदीर वस्ती करी. तो चढण्यात पटाईत, तेव्हा त्याच्यामागे तुळईवरून धावणारे मांजरच हवे. उंदरांच्या ज्या बारीक किंचाळ्या माणसाला ऐकूच येत नाहीत, त्याही मांजराला ऐकू येतात. म्हणून ते कणगीसमोर तासभर निश्चल बसलेले दिसे आणि मग एकाच झेपेत काम संपवी. चिचुंद्री ते मारी पण खात नसे. तिच्या वासाने ती तशीच अंगणात पडून राही. घुशीच्या वाटेला मात्र शहाणे मांजर सहसा जात नाही.

पण जो प्राणी उंदरासाठी ठेवायचा त्यालाच दूध, साय, लोणी आणि मासे प्रिय. इथून मराठी स्वयंपाकघराचा मांजराशी लढा सुरू होतो, आणि हा लढा शेकडो वर्षांचा आहे. त्याचे सर्वांत सुंदर शस्त्र म्हणजे शिंके. काथ्याच्या, अंबाडीच्या किंवा सुताच्या दोरीचे विणलेले हे जाळे तुळईच्या कडीला किंवा खुंटीला टांगत आणि त्यात दुधाचे, दह्याचे, लोण्याचे मडके ठेवत. शिंक्याची जागा विचाराने ठरे. ते भिंतीपासून दूर हवे, म्हणजे मांजराला भिंतीवरून झेप घेता येऊ नये. खाली उतरंड नको, पाटा नको, धान्याचे पोतेही नको. उंची अशी हवी की बाईचा हात पोचेल आणि मांजराची उडी पोचणार नाही. मांजर उभ्या जागेवरून आपल्या उंचीच्या पाचपट उडते, हे कुणी मोजले नसले तरी शिंके टांगणाऱ्या हाताला ते माहीत होते. लोंबकळणाऱ्या जाळ्यावर झेप घेतली तर ते झोके घेते आणि पाय टेकायला जागा राहत नाही, ही त्यातली खुबी.

एवढे करूनही दोरी कधी कुजे, कधी उंदीरच ती कुरतडत आणि मडके खाली येई. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण अशाच एखाद्या सकाळी जन्मली असणार. आयता लाभ, तोही दुसऱ्याच्या नुकसानीतून, आणि लाभ घेणाऱ्याची आधीपासूनची तयारी, एवढे सगळे त्या पाच शब्दांत आहे. उंदरापासून जपायचे म्हणून मांजर आणले आणि मांजरापासून जपायचे म्हणून शिंके टांगले, ते शिंके शेवटी उंदराने तोडले, हा फेरा त्या घरात खरोखर घडत असे.

मांजराच्या चोरीत तऱ्हा असे. दुधावर ताट झाकून वर पाट्याचा वरवंटा ठेवला, तर ते ताटाची कड नाकाने ढकलून ढकलून वरवंटा घसरेपर्यंत थांबत नाही. सायीच्या भांड्यात तोंड जात नसेल तर पंजा बुडवून चाटते. फडताळाच्या दाराला कडी नसेल तर नखे फटीत घालून दार ओढते. कडी असेल तर ती सैल आहे की घट्ट, हे एक-दोनदा हलवून पाहते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांच्या बुद्धीवरच्या प्रयोगांसाठी मुख्यतः मांजरे घेतली होती. फळ्यांच्या पेटीत मांजर कोंडायचे, बाहेर मासा ठेवायचा आणि दार उघडायला एक दोरी किंवा खिटी ठेवायची. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे. कधीतरी खिटी सुटे. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत जाई आणि शेवटी ते कोंडल्याबरोबर बाहेर पडे. प्रयत्न आणि चुका यांतून शिकणे, हा मानसशास्त्रातला मोठा सिद्धांत या पेट्यांतून उभा राहिला. कडीकोयंड्याशी झटापट करणारे माजघरातले मांजर याच रीतीने शिकत होते. एकदा उघडलेले दार ते पुन्हा विसरत नाही, म्हणून फडताळाला कोयंडा आणि पुढे जाळीच्या कपाटाला कुलूप आले.

मांजर डोळे मिटून दूध पिते, कारण आपल्याला कुणी पाहत नाही असे त्याला वाटते, असा जनांचा समज आहे. मांजर दूध पिताना डोळे अर्धवट मिटते, हे खरे. पण त्याचे कान त्या वेळी मागे वळलेले असतात आणि शेजारच्या खोलीत पाऊल वाजले तरी ते उडी मारून खिडकीत असते. त्याला सगळे ठाऊक असते. चोरी उघडकीला आल्यावर ते लांब जाऊन पाठ करून बसते आणि अंग चाटू लागते, हे ज्या घरात मांजर आहे तिथल्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

ओरडण्यातही त्याचा हिशोब असतो. मोठी मांजरे एकमेकांशी फारशी म्याँव करत नाहीत; ती हाक मुख्यतः माणसासाठी असते. लहानपणी आईला घातलेली साद ते माणसापुरती राखून ठेवते. दूध मागताना घशातल्या घुरघुरीत ते रडण्यासारखा एक बारीक स्वर मिसळते, असे २००९ साली इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात दिसून आले. तो स्वर माणसाला तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा वाटतो आणि दुर्लक्ष करणे अवघड जाते. २०१९ साली जपानी संशोधकांनी मांजरे आपले नाव ओळखतात हे दाखवले. बोलावल्यावर न येणे ही त्यांची निवड असते. जेवणाची पाने मांडली की कोणत्या ताटाशी बसायचे, हेही ते ठरवून बसते. घरातल्या आजोबांच्या पानाशेजारी, पाटाच्या डाव्या अंगाला, कारण तिथून दहीभाताचा घास हमखास मिळतो.

मांजरीचे पिल्लांना घेऊन घर बदलणे हा मराठी मुलांच्या आठवणींतला कायमचा भाग आहे. मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे म्हणतात. आकडा लोकांचा असला तरी वागणे खरे आहे. सुमारे नऊ आठवड्यांच्या गर्भानंतर ती माळ्यावर, लाकडाच्या ढिगात किंवा जुन्या कपड्यांच्या हाऱ्यात विते. पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात. तोवर जागेला वास येऊ लागतो, पिसवा होतात आणि मुलेही डोकावू लागतात. त्याहून मोठी भीती बोक्याची. परका बोका पिल्ले मारतो. म्हणून ती एकेका पिल्लाला मानेला धरून दुपारच्या सामसूम वेळी जागा बदलते. काल हाऱ्यात होती ती पिल्ले आज कपाटाच्या खाली आणि परवा शेजारच्या माळ्यावर. मुले मागावर राहतात, आणि मांजरीला ते माहीत असते.

पिल्ले फार झाली किंवा चोऱ्या असह्य झाल्या, की घरातला गडी मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येई. नदी ओलांडली की मांजर वाट विसरते, अशी समजूत. पुष्कळदा ते दोन-चार दिवसांनी परत येऊन चुलीच्या गरम राखेत अंगाचे वेटोळे करून झोपलेले सापडे. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, ही ग्रामीण समजूत यातूनच आली. बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेले तरी मांजर जुन्याच घरात राहिले, अशी उदाहरणे पुष्कळ असत. मात्र जी मांजरे माणसाच्या अंगाखांद्यावर वाढली, ती माणसाचा ध्यास घेतात, हेही तितकेच खरे आहे. घरातला माणूस गेल्यावर त्याच्या अंथरुणावर दिवसेंदिवस बसून राहिलेली मांजरे लोकांनी पाहिली आहेत.

पोत्यात घालून सोडणे चाले, मारणे मात्र चालत नसे. मांजर मारणे हे मोठे पाप मानले गेले. मनुस्मृतीत मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितले आहे. लोकाचारात तर चुकून मांजर मेले, तरी सोन्याचे मांजर करून काशीला दान करावे लागते, असे सांगितले जाई. सोन्याचे मांजर करणे बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे, म्हणून काठी उगारताना हात आपोआप आवरे. शास्त्रामागे हेतू काहीही असो, धान्यावर जगणाऱ्या समाजाला त्याचा लाभ झाला. षष्ठी ही तान्ह्या मुलांची देवता. तिचे वाहन मांजर. महाराष्ट्रात जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पूजली जाणारी सटवाई हे त्या षष्ठीचेच रूप. बाळंतिणीच्या खोलीत मांजर फिरकू देत नसत, तरी त्याला दुखवूही नये, हा दुहेरी भाव या नात्यातून आला असावा. बाहेर पडताना मांजर आडवे गेले की अपशकून मानणारे लोक घरी आल्यावर त्याच मांजराला दूध घालत.

श्राद्धाची एक कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका घरी श्राद्धाच्या दिवशी मांजर पानांत तोंड घाली, म्हणून घरधनी त्याला टोपलीखाली झाकून ठेवी. पुढे ते मांजर मेले, पुढची पिढी आली, आणि श्राद्धाच्या दिवशी टोपलीखाली झाकायला मांजर हवेच, म्हणून शेजारून मांजर शोधून आणू लागली. रूढी कशी तयार होते हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. त्या वेळी प्रत्येक घरात मांजर गृहीत धरलेले होते, हेही त्यातून कळते.

मुसलमान घरांत मांजराला आणखी मानाची जागा मिळाली. कुत्र्याची लाळ अपवित्र, पण मांजर अपवित्र नाही. ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये नोंदलेली आहे. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याने नमाजापूर्वीची वजू करता येते. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या मोहल्ल्यांत मांजरे निर्भयपणे फिरतात, त्यामागे ही शिकवण आहे. हिंदू घरांतही कुत्रा ओसरीपाशी थांबे आणि मांजर थेट देवघरापर्यंत जाई. धर्म वेगळे, पण मांजराला आत घेण्याबाबत दोघांचे आचरण जवळजवळ एकच. कोळीवाड्यांत तर त्याची चंगळच. होड्या लागल्या, बायका मासळी निवडायला बसल्या, की टोपल्यांभोवती मांजरांचा वेढा पडतो. डोकी, उरलेली बारीक मासळी हा त्यांचा वाटा ठरलेला.

मांजराच्या या पिढीजात उपयोगाकडे सरकारचे आणि वैद्यकशास्त्राचे लक्ष गेले ते प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. गोदीलगत पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांत उंदरांची अमाप वस्ती. तिथून साथ पुणे, सातारा, नगर करत दख्खनभर पसरली. उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत काम करून उंदरावरची पिसू रोग पसरवते हे दाखवले, पण ते मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. पुढे प्लेग-आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत केलेल्या कामातून ते निर्विवाद सिद्ध झाले. माणसाला सर्वांत जास्त धोका गटारातल्या उंदरापेक्षा घरातल्या छपरात राहणाऱ्या काळ्या उंदराचा आहे, हेही त्यातून पुढे आले. आणि याच काळ्या उंदराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी म्हणजे घरातले मांजर.

हे सूत्र अमरावतीच्या सिव्हिल सर्जनने पकडले. अँड्र्यू ब्युकॅनन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी. वऱ्हाडातल्या गावांत प्लेग सगळीकडे सारखा का येत नाही, एक गाव उजाड होते आणि शेजारचे वाचते ते कशामुळे, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी गावोगाव घरांबरोबर मांजरेही मोजायला लावली. जिथे मांजरे भरपूर, तिथे प्लेग नाही किंवा फार थोडा; जिथे मांजरे कमी, तिथे प्लेग जास्त, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी तो मांडला आणि मांजर पाळण्याला उत्तेजन द्यावे असे सुचवले. वऱ्हाडातल्या खेड्यांतली मांजरे अशा रीतीने लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात पोचली.

या सूचनेवर आक्षेप आले आणि त्यांत तथ्य होते. मांजराला स्वतःलाही प्लेग होऊ शकतो, आणि आजारी मांजर माणसाला धोकादायक ठरते, हे पुढच्या संशोधनाने पक्के केले. मांजरे जास्त असलेल्या गावांत घरांची रचना, धान्याचा साठा, वस्तीची दाटी हीही कारणे वेगळी असू शकतात. मुंबईसारख्या शहरात लाखो उंदरांपुढे मांजरांचे बळ अपुरे होते. तिथे सापळे, विषारी गोळ्या आणि वखारींची सुधारणा हाच मार्ग पत्करला गेला. तरीही ब्युकॅनन यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. खेड्यातल्या बाईला जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, ते त्यांनी गंभीरपणे घेतले आणि मोजले. वसाहतीच्या कारभारात लोकांच्या घरगुती अनुभवाला असा मान क्वचितच मिळाला. भारतात प्लेगने १९२० च्या दशकापर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे नेली. त्या अंधारात हा एक शहाणा प्रयत्न होता.

प्राण्यांकडे जनावर म्हणून नव्हे, जीव म्हणून पाहणाऱ्या संस्थाही मुंबईत उभ्या राहिल्या. प्राण्यांवरचे क्रौर्य रोखणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय त्याच शतकात उभे राहिले, आणि १८८६ साली त्याच आवारात बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झाले. हे सगळे आधी घोड्या-बैलांसाठी होते. मांजराला डॉक्टरकडे नेण्याची कल्पना तेव्हा कुणाला सुचलीही नसती. मांजर आजारी पडले की ते गवत खाते, आडोशाला जाऊन पडते आणि बरे होते किंवा होत नाही, एवढेच.

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत मांजराच्या घरातल्या जागेत मोठा फरक पडला. रेशनचे आणि नंतर दुकानातले महिन्याचे धान्य आले, कणग्या मोडल्या, बळदे बुजवली गेली. पत्र्याच्या कोठ्या आल्या. उंदराला त्यांत शिरता येईना. दुधाच्या बाटल्या आणि पुढे पिशव्या आल्या, आणि दूध फ्रिजमध्ये गेले. रबराची किनार असलेले ते दार नखांनी ओढून उघडत नाही. शिंके अडगळीत गेले. आता ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या घरगुती वस्तूंच्या संगतीत शोभते. उंदीर मारण्याचे काम संपले आणि चोरण्याजोगे दूधही आवाक्याबाहेर गेले. अशा वेळी घरातून मांजर नाहीसे व्हायला हवे होते. झाले उलटेच. चाळीतून सदनिकेत गेलेल्या कुटुंबांनी मांजर बरोबर नेले, किंवा इमारतीच्या जिन्याखालचे उचलून आणले. कामाशिवाय, नुसत्या सोबतीसाठी मांजर ठेवण्याची ही पद्धत बहुसंख्य मराठी घरांत याच काळात रुजली.

नव्या घरात खोड्यांचे रूपही बदलले. सायीच्या भांड्याऐवजी आता टेबलावरचा पेला पंज्याने कडेपर्यंत ढकलला जातो आणि पडताना पाहिला जातो. संगणकाचा कळफलक गरम असतो म्हणून त्याच्यावर झोप काढली जाते. पडद्यावरून कपाटावर, कपाटावरून पंख्याखाली, असा रात्री दोनचा प्रवास चालतो. शिकारीसाठी घडलेले शरीर आणि मन बंद खोलीत वापरले जात नाही, तेव्हा ते असे वाट काढते. खिडकीला जाळी नसेल तर वरच्या मजल्यावरून पडून मांजर जबर जखमी होते. ते नेहमी पायांवर पडते आणि त्याला काही होत नाही, ही समजूत शहरात अनेक मांजरांच्या जिवावर बेतली आहे. घरात मांजर आणण्यापूर्वी खिडक्यांना जाळी बसवून घेणे हे पहिले काम आहे. दुसरे लसीकरण, तिसरे नसबंदी. एक जोडी आणि तिची पिल्ले मिळून दोन-तीन वर्षांत अख्खी इमारत भरते, आणि मग पोते आणि नदीचा जुना उपाय पुन्हा आठवतो. तो उपाय तेव्हाही निर्दय होता. आज रहदारीच्या शहरात तो मांजराला मरणाच्या दारात सोडण्यासारखा आहे.

लांब केसांची पर्शियन मांजरे आता हजारो रुपयांना विकली जातात. मांजर विकत घेणे ही गोष्ट मराठी घराच्या इतिहासात नवी आहे. चपटे नाक, सतत वाहणारे डोळे आणि उकाडा न सोसणारे अंग घेऊन ही मांजरे विदर्भाच्या उन्हाळ्यात हाल सोसतात. साध्या, गल्लीतल्या, ठिपक्यांच्या किंवा वाघपट्ट्यांच्या मांजराची प्रकृती इथल्या हवेला पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, आणि हुशारीत ते कुणाला हार जात नाही. आश्रयाची गरजही त्यालाच अधिक आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात पुणे महापालिकेने पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची करण्याचा निर्णय जाहीर केला. कुत्र्यांसाठी तशी नोंदणी आधीपासून होती. नोंदणीसाठी रेबीज प्रतिबंधक लस दिल्याचा दाखला आणि मांजराचे छायाचित्र मागितले गेले, आणि अर्जावर मालकाचे नाव लिहिण्याची जागा ठेवण्यात आली.